वकीलपत्रावर सही करण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या कोर्टात बहुतेक दिवाणी कामं चालवतो. समोरचा माणूस मान डोलावतोय म्हणजे त्याला कळलंय, असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो. मग एक काका आले. वाटपाचा दावा जिंकून दोन वर्षं झाली होती आणि तक्रार एकच: "साहेब, आपण जिंकलो ना? मग सातबारावर माझं नाव का नाही?" हुकूमनामा (कोर्टाचा अंतिम हुकूम, डिक्री) झाल्यावर पुढे आणखी काम असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तो दावा मीच चालवला होता. खालचे प्रश्न त्यानंतर लिहून ठेवायला लागलो. बहुतेक लोकांनी विचारलेले आहेत, काही विचारायला हवे होते असे. (माझा नाव-नंबर इथे शोधू नका. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही.)

वकीलपत्र म्हणजे नेमकं काय?

"माझ्या वतीने कोर्टात हे वकील काम पाहतील" असं तुम्ही कोर्टाला लेखी सांगता, तो कागद. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे पक्षकाराच्या सहीचं लेखी वकीलपत्र असल्याशिवाय वकिलाला तुमच्या वतीने अर्ज, कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) दाखल करता येत नाही. एकदा दाखल झालं की ते काम संपेपर्यंत चालतं. मध्येच थांबवायचं असेल तर लेखी अर्ज आणि कोर्टाची परवानगी लागते. फोनवर "उद्यापासून येऊ नका" म्हटल्याने कोर्टाच्या दृष्टीने वकील बदलत नाही.

छापील वकीलपत्रात बारीक अक्षरांत बरेच अधिकार लिहिलेले असतात: दावा काढून घेणे, तडजोड करणे, कोर्टात जमा झालेली रक्कम उचलणे. हा भाग जरूर वाचा. तडजोडीचा अधिकार छापलेला असला तरी अशिलाच्या स्पष्ट सूचनेशिवाय वकिलाने त्याचा हक्क सोडून देऊ नये, असं सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये सांगितलं आहे. पैसे उचलण्याचं कलम नको असेल तर खोडा आणि शेजारी सही करा. चांगला वकील त्यावर रागवत नाही.

कोऱ्या वकीलपत्रावर सही मागितली तर?

सगळेच मागतात, मीही मागायचो. घाई असते, टायपिस्ट गेलेला असतो. तरीही किमान चार गोष्टी भरून घ्या: कोर्टाचं नाव, दोन्ही बाजूंची नावं, कामाचा प्रकार, तारीख. कोऱ्या स्टॅम्प पेपरवर मात्र कुणालाच सही देऊ नका, वकिलालाही नाही.

वकीलपत्र आणि मुखत्यारपत्र एकच ना?

नाही. वकीलपत्राने वकील कोर्टातलं काम करतो. मुखत्यारपत्राने कुणीही सज्ञान माणूस, समजा तुमचा भाऊ, तुमच्या वतीने व्यवहार करू शकतो: बँकेत सही, तलाठ्याकडे अर्ज, जमिनीची विक्रीसुद्धा. कुलमुखत्यारपत्र म्हणजे असे बरेच अधिकार एकदम. "केससाठी लागतंय" म्हणून एखाद्याने कुलमुखत्यारपत्र पुढे केलं तर विक्रीचा अधिकार आत आहे का, हे आधी बघा. गावाकडच्या निम्म्या भांडणांचं मूळ मी त्या एका ओळीत पाहिलं आहे.

परदेशात राहणाऱ्यांसाठी: तिथे केलेलं मुखत्यारपत्र तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय दूतावासात साक्षांकित करून घ्या. ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथली स्टॅम्प ड्युटी भरावी लागते. पुष्कळ जण हे विसरतात आणि ऐन तारखेला कागद निरुपयोगी ठरतो.

सिनियर वकील म्हणजे वयाने मोठे?

बोलताना तसंच म्हणतात. कायद्यात 'सिनियर अॅडव्होकेट' हा हायकोर्टाने किंवा सुप्रीम कोर्टाने दिलेला दर्जा आहे. असे वकील थेट अशिलाकडून वकीलपत्र घेत नाहीत. त्यांच्यासोबत दुसरा वकील असावाच लागतो, म्हणून फी दोघांची. सुप्रीम कोर्टात तर वकीलपत्र फक्त 'अॅडव्होकेट ऑन रेकॉर्ड', म्हणजे त्या कोर्टाकडे तशी नोंद असलेला वकील, दाखल करू शकतो. तुमच्या जिल्ह्याचे वकील दिल्लीला येतो म्हणाले, तरी तो माणूस वेगळा लागणारच.

नोटरी केलं म्हणजे रजिस्टर झालं का?

नाही, नाही आणि नाही. नोटरी सही कुणी केली याची साक्ष देतो. शंभर रुपयांहून जास्त किमतीच्या जमिनीची किंवा घराची विक्री दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या खरेदीखतानेच होते. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून घेतलेला 'प्लॉट' हा माझ्याकडे येणारा सगळ्यात दुःखी कागद आहे. गोव्यातल्या वाचकांनी मात्र महाराष्ट्रातला नोटरी डोळ्यांसमोर ठेवू नये. तिथे वारसाहक्काची कामं विशेष नोटरीपुढे आणि 'इन्व्हेंटरी' (वारशाच्या मालमत्तेची यादी आणि वाटणी) कार्यवाहीतून होतात. त्याचा २०१२ चा स्वतंत्र कायदा आहे, तेव्हा वकीलही तिथलाच करा.

फी ठरवताना कोणते शब्द स्पष्ट करून घ्यायचे?

तीन गोष्टी वेगळ्या आहेत आणि एकाच आकड्यात मिसळल्या की भांडण होतं.

पहिली, वकिली फी. ती पूर्ण कामाची आहे की तारखेगणिक, हे विचारा. 'पूर्ण काम' म्हणजे निकालापर्यंत, की अपिलासह? मनाईचा (समोरच्याला काही करण्यापासून थांबवण्याचा) अर्ज वरच्या कोर्टात गेला तर ती फी वेगळी का? साधारणपणे वेगळीच असते, पण हे आधी बोललं जात नाही.

दुसरी, कोर्ट फी. ही सरकारची. दाव्याच्या किमतीवर ठरते आणि महाराष्ट्रात २०१८ पासून तिची कमाल मर्यादा दहा लाख रुपये आहे. 'दाव्याचं मूल्यांकन' हा शब्द इथेच येतो. जमिनीचा बाजारभाव आणि दाव्याचं मूल्यांकन सारखे असतीलच असं नाही, कारण शेतसाऱ्याच्या पटीवर मोजायची पद्धतही कायद्यातच आहे. पोटगी, घटस्फोट यांसारख्या काही कामांत महिलांना कोर्ट फी माफ आहे, तेव्हा ताईंनी हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा. वाद लोकअदालतीत मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते.

तिसरी, खर्च: टायपिंग, झेरॉक्स, नकला, बेलिफाचा भत्ता, कोर्ट कमिशनरची (पाहणीसारख्या कामासाठी कोर्टाने नेमलेल्या माणसाची) फी, मोजणीची फी. 'मिसलेनियस' असं म्हणून कुणी मोघम रक्कम सांगितली तर त्यात काय काय धरलंय ते कागदावर मागा.

आणि निकालपत्रात 'खर्चासह' असा शब्द दिसला तर हुरळून जाऊ नका. हरलेल्याने जिंकलेल्याला द्यायचा तो खर्च कोर्टाच्या तक्त्याप्रमाणे असतो. तुम्ही वकिलाला दिलेल्या फीच्या जवळपासही तो सहसा जात नाही.

"जिंकलात तर दहा टक्के द्या" असं वकील म्हणाले. चालतं?

चालत नाही. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणं, दोन्हीला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी तिकडची पद्धत सांगितली असेल, ती इथे लागू नाही. अपघाताच्या नुकसानभरपाईत आणि भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्यात हा प्रकार सर्रास चालतो हे मला माहीत आहे. तरीही तो नियमाविरुद्धच.

फी परवडत नसेल तर?

तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. फोन १५१००. पगारदार बाईंनाही हा हक्क आहे, हे सांगितल्यावर बरेचदा त्यांच्या शेजारी बसलेल्या नवरोबांचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

पक्षकार, अशील, वादी, प्रतिवादी, जाबदेणार: यांतला मी कोण?

वकिलाच्या दृष्टीने तुम्ही अशील. कोर्टाच्या दृष्टीने दोन्ही बाजू पक्षकार, पण बार रूममध्ये 'माझा पक्षकार' म्हणजे अशीलच. दावा लावणारा वादी, ज्याच्यावर लावला तो प्रतिवादी. अर्ज असेल तर अर्जदार आणि जाबदेणार किंवा सामनेवाला; अपिलात अपीलदार. फौजदारीत फिर्यादी आणि आरोपी. प्रतिवादी म्हणजे गुन्हेगार नव्हे. समन्स आलं म्हणून शेजाऱ्यांपासून तोंड लपवणाऱ्या एका आजींना हे समजावताना माझा अख्खा चहा गार झाला होता.

नोटीस आणि समन्स यांत फरक काय?

वकिलाची नोटीस म्हणजे समोरच्याने वकिलामार्फत पाठवलेलं पत्र. समन्स कोर्टाचं. नोटिशीला उत्तर दिलं नाही म्हणून लगेच केस हरत नाही, पण उत्तर द्यावं, कारण पुढे उलटतपासात "गप्प का बसलात?" हा प्रश्न येतोच. चेकच्या नोटिशीला मात्र अजिबात हलक्यात घेऊ नका. चेक न वटल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवायची, ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर त्यापुढच्या एका महिन्यात फिर्याद, अशी ही साखळी आहे. दोन्ही बाजूंनी दिवस मोजायचे असतात.

कैफियत म्हणजे माफीनामा का?

तसं वाटतं खरं, पण कैफियत म्हणजे दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यायची, कोर्ट कारण पाहून ९० दिवसांपर्यंत मुदत देतं. साध्या दाव्यात त्यानंतरही दंड भरून परवानगी मिळू शकते. व्यापारी दाव्यात १२० दिवसांनंतर दार बंद. मुदतीत दिली नाही तर 'नो डब्ल्यूएस' (डब्ल्यूएस म्हणजे रिटन स्टेटमेंट, कैफियतच) हुकूम होतो, म्हणजे तुमची बाजू कागदावर आलीच नाही. वकील म्हणाले "नो डब्ल्यूएस झालाय, सेट असाइड (रद्द) करून घेऊ", तर समजा की चूक झालेली आहे आणि ती दुरुस्त करायला अर्ज लागणार आहे. चूक कुणाची, हे त्याच वेळी विचारा.

'निशाणी ५' म्हणजे काय? सगळे तेच म्हणतात.

कोर्टात दाखल होणाऱ्या कागदांना निशाणी क्रमांक पडतात. दावा निशाणी १ ला असतो आणि आपल्याकडच्या दिवाणी कोर्टांत तात्पुरत्या मनाईचा अर्ज सहसा निशाणी ५ ला. त्यामुळे 'नि. ५ चा निकाल लागला' म्हणजे दावा चालू असेपर्यंत बांधकाम, विक्री किंवा अडथळा थांबवायचा की नाही, एवढंच ठरलं. दावा अजून उभाच आहे. पण व्यवहारात पुष्कळ भांडणं इथेच निम्मी संपतात, म्हणून वकील या अर्जावर सगळ्यात जास्त जीव लावतात, आणि ते बरोबरच आहे.

याच टप्प्यावर तीन शब्द ऐकू येतील. 'तूर्तातूर्त' म्हणजे समोरच्याला ऐकण्याआधीच दिलेली, अगदी थोड्या दिवसांची मनाई. 'जैसे थे' म्हणजे आज जी स्थिती आहे ती दोघांनीही ठेवायची. यात आज ताबा कुणाचा हे लिहिलं नसेल तर नवं भांडण ठरलेलं, म्हणून वकिलाला हुकमाचे शब्द वाचून दाखवायला सांगा. आणि 'स्टे' म्हणजे खरं तर एखाद्या हुकमाची किंवा कामाची अंमलबजावणी थांबवणं. बोलताना आपण सगळ्यालाच स्टे म्हणतो.

कॅव्हेट कधी लावायचं?

समोरचा कोर्टात जाऊन आपल्या पाठीमागे हुकूम घेईल अशी भीती असेल तेव्हा. 'मला ऐकल्याशिवाय हुकूम करू नका' असा हा अर्ज ९० दिवस चालतो. ९१ व्या दिवशी तो मेलेला असतो, नवा लावा.

"तारीख पडली" एवढंच सांगतात. आत काय झालं ते कसं कळणार?

रोजनामा पाहा. त्या दिवशी कोण हजर होतं, काय झालं, पुढची तारीख कशासाठी, याची ती कोर्टाची नोंद. प्रत्येक कामाला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो वकिलाकडून मागून घ्या आणि ई-कोर्ट्सच्या अॅपवर टाका, पुढची तारीख आणि टप्पा घरबसल्या दिसतो. हा क्रमांक द्यायला टाळाटाळ होत असेल तर मला तरी शंका येते.

टप्प्यांची नावंही ओळखीची करून घ्या. 'मुद्दे' म्हणजे कोर्टाने ठरवायचे प्रश्न. 'सरतपास' म्हणजे तुमच्या साक्षीदाराने सांगायची हकीकत, जी हल्ली प्रतिज्ञापत्रावर देतात. 'उलटतपास' म्हणजे समोरच्या वकिलाचे प्रश्न. मग 'युक्तिवाद'. वर्षानुवर्षं 'मुद्द्यांवर' अडकलेला दावा पुढे सरकलेला नसतो, तारखा कितीही पडोत.

'गैरहजेरीत काढून टाकला' असं दिसलं तर घाबरून न जाता पळा: वादी हजर नव्हता म्हणून काढलेला दावा परत नंबरावर घ्यायचा अर्ज ३० दिवसांत करायचा असतो.

पुरसिसवर सही मागितली. देऊ का?

पुरसिस म्हणजे कोर्टाला दिलेलं छोटं लेखी निवेदन. हा शब्द आपल्याकडच्या कोर्टांत रोज वापरतात आणि अशिलांना जवळजवळ कधीच सांगत नाहीत. 'पुरावा संपल्याची पुरसिस' दिली की तुम्हाला आणखी साक्षीदार आणता येत नाही. 'तडजोड पुरसिस' दिली की त्याप्रमाणे हुकूमनामा होतो, आणि 'दावा पुढे चालवणे नाही' अशी पुरसिस दिली की दावा संपला. चार ओळींचा कागद आहे. चारही ओळी मोठ्याने वाचून घ्या. लोकअदालतीतल्या तडजोडीवर तर अपीलही नाही.

निकाल लागला, आपण जिंकलो. आता?

आता सुरुवातीचे काका. निकालपत्रात कोर्टाने असं का ठरवलं ते असतं. त्यावरून हुकूमनामा तयार होतो, म्हणजे कुणी काय द्यायचं, कुणाला काय मिळायचं. समोरच्याने आपणहून पाळला नाही तर अंमलबजावणीसाठी 'दरखास्त' लावावी लागते. तिला नवा क्रमांक, नव्या तारखा आणि बहुधा नवी फी. मुदत साधारणपणे १२ वर्षं आहे, पण म्हणून थांबू नका. समोरचा तोवर मिळकत विकून मोकळा होतो. दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढाव्यात असं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलं. प्रत्यक्षात काय होतं ते कोर्टाच्या आवारात कुणालाही विचारा.

वाटपात आणखी एक पायरी आहे. पहिला हुकूमनामा 'प्राथमिक': तुमचा हिस्सा एक तृतीयांश, एवढंच. कुठला बांध कुणाकडे, ते पुढे ठरतं, आणि सारा भरणाऱ्या शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं. प्रकरण तिकडे पाठवण्यासाठी कोर्टात पुन्हा अर्ज, मग मोजणी, मग फेरफार, मग सातबारा. काकांच्या फाईलमधला तो अर्ज आम्ही तेव्हा केलाच नव्हता.

हरलात तर अपिलाची मुदत लक्षात ठेवा: जिल्हा कोर्टात ३० दिवस, हायकोर्टात ९० दिवस. नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, म्हणून नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच टाका. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या लोकांना ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टासाठी मुंबई गाठावी लागत नाही. कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) बसतं.

पोलिसांत एनसी घेतली आणि पाठवून दिलं. गुन्हा दाखल झाला ना?

नाही. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय पोलीस त्याचा तपास करत नाहीत. दखलपात्र असेल तर एफआयआर होतो आणि त्याची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. एफआयआरनंतर खटला सरकार चालवतं, सरकारी वकील फुकट. तुमचा खासगी वकील त्यांना मदत करू शकतो, पण खटल्याची सूत्रं त्यांच्याकडे जात नाहीत. हे ठाऊक असलं की किती फी द्यायची याचा अंदाज येतो.

'अजामीनपात्र' म्हणजे जामीन मिळतच नाही?

मिळतो, पण तो हक्क म्हणून पोलीस ठाण्यात मिळत नाही, कोर्टाने द्यावा लागतो. 'जातमुचलका' म्हणजे तुमचा स्वतःचा बॉन्ड, 'जामीनदार' म्हणजे तुमच्यासाठी उभा राहणारा दुसरा माणूस. अटकपूर्व जामीन हे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८२ आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे हायकोर्टाकडून गुन्हा रद्द करून घेण्याचा अर्ज होता. तो आता ५२८. नवे कायदे १ जुलै २०२४ ला आले आणि वकील मंडळी अजून दोन्ही आकडे मिसळून बोलतात. "४८२ टाकू" ऐकलंत तर कुठलं, ते विचारा.

वकिलाला खरं सांगितलं आणि त्यांनी बाहेर सांगितलं तर?

तुमच्या संमतीशिवाय सांगता येत नाही, काम संपल्यावरही नाही. पुढे करायच्या गुन्ह्यासाठी सल्ला मागितलात तर हे संरक्षण नाही. झालेली गोष्ट मात्र पूर्ण सांगा. अशिलाने लपवलेला जुना साठेखताचा (विक्रीच्या कराराचा) कागद समोरच्या वकिलाच्या हातात पहिल्यांदा पाहणं काय असतं, ते मी भोगलं आहे.

कौटुंबिक न्यायालयात वकील चालत नाही म्हणतात?

तिथे वकील हा हक्क नाही, कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. सहसा मिळते. अर्ज साधा आहे.

वकील बदलायचा आहे, पण ते 'ना हरकत' देत नाहीत.

बार रूमची रीत म्हणून नवा वकील जुन्याची ना हरकत मागतो. ती मिळाली नाही तर कारण लिहून कोर्टाकडे परवानगी मागता येते. फी बाकी आहे म्हणून फाईल अडवून ठेवता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००० मध्येच सांगितलं आहे. फीसाठी वकिलाने वेगळा दावा करावा. वागणुकीबद्दल तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करता येते. ग्राहक आयोगात जाऊ नका, वकिली सेवा त्या कायद्यात येत नाही असा निर्णय मे २०२४ मध्ये झाला. आणि केस हरली, एवढं कारण तक्रारीला पुरत नाही.

पहिल्या भेटीला काय न्यायचं?

सगळ्या कागदांच्या झेरॉक्स, तारखांची एका पानाची यादी आणि समोरच्यांची पूर्ण नावं-पत्ते. मूळ कागद फक्त दाखवा. ठेवून घेतले तर यादीवर पोच घ्या. आणि समन्स किंवा नोटीस ज्या लिफाफ्यातून आली तो लिफाफाही आणा, चुलीत घालू नका. तो तुमच्या हातात कुठल्या तारखेला पडला, तिथूनच आम्ही दिवस मोजायला लागतो.